परसांतील माशा व भुंगे

पुष्कळ घरीं अशी तक्रार आमच्या कानीं येते कीं, भोपळ्याचा वेल चांगला पसरला, फुलेंही विपुल आलीं, परंतु कोंवळीं फळें पिवळीं पडून गळून जातात. कोणी दृष्ट लागली म्हणतो, कोणी पाण्यास दोष देतो. अशा वाचकांनीं प्रथम सूर्योदयाच्या सुमारास वेलापाशीं घटकाभर स्वस्थ बसावें. मुलांसही सोबत घ्यावें.

भोपळ्यास नर व मादी अशीं दोन प्रकारचीं फुलें येतात. मादी फुलाच्या पाठीशीं चिमुकला भोपळा असतो. नर फुलास नुसता देंठ. नराचा पराग जड व चिकट असल्यामुळें वाऱ्यानें उडत नाहीं, तो माशीनेंच न्यावा लागतो. फूल पहाटे उमलतें व दुपारपर्यंत मिटतें. एवढ्या अवधींत माशी न आली तर फळ धरत नाहीं. असें असतां कित्येक लोक ऐन सकाळीं, फुलें उघडीं असतांना, कीटकनाशक फवारतात! फवारणें अगदींच भाग असेल तर फुलें मिटल्यावर, सायंकाळीं फवारावें. दुधीचें फूल मात्र सायंकाळीं उमलतें, व त्याजकडे पतंग येतात, हें ध्यानांत असूं द्यावें.

वांग्याच्या फुलाची रीत आणखी निराळी. त्याचा पराग जणूं मिठाच्या डबीप्रमाणें टोकाच्या बारीक छिद्रांतून पडतो. निळ्या पट्ट्यांची एकटी राहणारी माशी, किंवा मोठा काळा भुंगा, फुलास बिलगून आपलें अंग असें थरथरवितो कीं पराग झरझर खालीं येतो. तो गुणगुणाट कान देऊन ऐकावा. मधमाशीस ही विद्या अवगत नाहीं. हाच भुंगा वाळल्या वाशास भोंक पाडतो म्हणून लोक त्यास मारतात; पण तो लांकूड खात नाहीं, पिलांसाठीं घर करतो.

मधमाशांपैकीं सातेरी झाडाच्या ढोलींत किंवा वारुळांत अनेक पोळीं समांतर बांधते. फुलोरी झुडुपाच्या फांदीभोंवतीं एकच लहानसें पोळें करते. मधमाशीच्या नाचाचा अर्थ कार्ल फॉन फ्रिश या ऑस्ट्रियन पंडितानें उलगडला व त्याबद्दल त्यास 1973 सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. सातेरी अंधारांत उभ्या पोळ्यावर नाचते. सरळ वर धांवली तर फुलें सूर्याच्या दिशेस आहेत असें समजावें. धांव जितकी लांबते तितकें अंतर अधिक. फुलोरी पोळ्याच्या सपाट माथ्यावर, उघड्यावरच नाचते व थेट फुलांकडे तोंड करते. म्हणून शिकणाऱ्यानें तिजपासून, परंतु बेतानें दूर राहून, आरंभ करावा.

राहिली आग्या. उंच झाडास किंवा कड्यास लटकलेलें तिचें मोहोळ कित्येक गांवीं पलित्यांनीं जाळतात. तेणेंकरून हजारों माशा व सर्व पिलें मरतात, आणि मधही करपतो. वास्तविक मध पोळ्याच्या वरच्या एका टोकास असतो; अंडीं व अळ्या त्याच्या खालीं. जाणता मध काढणारा केवळ धूर देऊन मधाचें तेवढेंच टोंक कापून घेतो, व माशा पुष्कळदां त्याच पोळ्यावर परत येऊन बसतात.