हुरड्याचे आमंत्रण भाद्रपदातच द्यावे लागते



हा अंक हाती पडेल तेव्हा गौरी-गणपती उरकलेले असतील. या दिवसांत ऊस विभागाने हुमणी, पायरिला नाहीतर खताच्या हप्त्याबद्दल लिहावे अशी रीत आहे. या खेपेला मात्र हुरड्यावर लिहितो आहे. पौषात पाहुणे बोलावणार असाल तर त्याची तयारी आत्ताच करायची असते. पौषात फक्त कणसे भाजायची असतात.

जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले. त्यानंतर पैठण, गंगापूर भागात कालवा, फुगवटा आणि विहिरी यांच्या पाण्यावर ऊस पसरला. चांगले झाले, त्यावरच आपला कारखाना आणि तुमची-आमची घरे चालतात. पण ज्वारी बांधावरूनही गेली. आज पुष्कळ सभासदांच्या वस्तीवर दहा एकर ऊस असतो, आणि लेक-जावई, व्याही हुरड्याला येणार म्हटले की कणसे बाजारातून आणावी लागतात. खुडलेल्या कणसाची गोडी दिवसभरात उतरते. तिकडे खुलताबाद-दौलताबादच्या रस्त्याला ताटामागे पैसे घेऊन हुरडा खाऊ घालणारी ठिकाणे झाली आहेत. ज्याच्या घरी रान आहे त्याने पाहुण्याला तिकडे न्यावे हे मला बरे वाटत नाही. पूर्वी हुरडा म्हणजे काही पार्टी नव्हती. आगटी पेटली की वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारीत, 'या, दोन कणसं खाऊन जा.'

तुम्ही म्हणाल, उसाच्या रानात ज्वारी कुठे बसवायची? सुरू लागणीसाठी जे रान ठेवणार आहात त्यातले पाच गुंठे घ्या. सुरूची लागण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. हुरडा जानेवारीच्या मध्यापर्यंत संपतो. मग धसकटे वेचून, नांगरून त्याच रानात वेळेवर ऊस लावता येतो. उसाचे एक गुंठाही जात नाही.

बियाणे एकरी चार किलोच्या हिशेबाने पाच गुंठ्यांना अर्धा किलो पुरते. दोन ओळींत दीड फूट, दोन ताटांत वीतभर अंतर ठेवा. मालदांडीचा हुरडाही होतो, पण ती दाण्या-कडब्याची ज्वारी. दाणा बोंडातून सुटायला कुरकुर करतो. हुरड्याला आपल्याकडचे जुने वाण सुरती, गूळभेंडी. राहुरीच्या विद्यापीठाचे फुले उत्तरा, फुले मधुर आणि परभणीच्या विद्यापीठाचा परभणी वसंत हे वाण खास हुरड्यासाठीच काढलेले आहेत. ते चोळले की दाणा सहज मोकळा होतो.

आता मुख्य गोष्ट. सगळे पाच गुंठे एका दिवशी पेरू नका. हुरडा आठ-दहा दिवसच टिकतो. दाणा नखाने दाबला आणि दूध उडाले तर तो अजून चिकात आहे. दाबून खळगा पडला, पण दूध आले नाही, तर हुरडा झाला. नख लागेनासे झाले की ज्वारी निबर झाली, मग भाजली तरी दाताखाली खडे. पैठणकडच्या एका वस्तीवर मी हे पाहिले आहे. पाहुण्यांची सुट्टी रविवारची, ज्वारी हुरड्यात आली होती आदल्या आठवड्यात. चाळीस माणसे चटणी-भाकरी खाऊन गेली. यजमानाने मन लावून सगळे केले होते, फक्त पेरणीची तारीख मोजली नव्हती. हुरड्याचे वाण पेरल्यापासून साधारण तीन-सव्वातीन महिन्यांत हुरड्यात येतात, थंडी जास्त पडली तर चार दिवस पुढे. म्हणून एक तुकडा १५ सप्टेंबरला, दुसरा २५ ला, तिसरा ५ ऑक्टोबरला पेरा. मग डिसेंबरच्या शेवटापासून संक्रांतीपर्यंत कोणताही रविवार आला तरी एक तुकडा तयार असतो.

दुसरे संकट पाखरांचे. चहूकडे ऊस आणि मधे एवढीच ज्वारी असली की परिसरातली सगळी पाखरे तिथेच उतरतात. हुरड्याचे वाण गोड, त्यांना आपल्याआधी कळते. शेजारच्या तीन-चार सभासदांनी एकाच भागात पेरले तर नुकसान वाटले जाते आणि राखणीला एक माणूस पुरतो. चिकटा किंवा लष्करी अळी दिसली तरी कणीस निसवल्यानंतर औषध फवारू नका. ते दाणे लेकरे हिरवेच तोंडात टाकणार आहेत. खराब ताटे उपटा, बाकीचे चालू द्या.

बरे रान असेल तर गुंठ्याला पंचवीस-तीस किलो हुरडा निघतो. माणूस पोटभर खाल्ला तरी पाव किलोच्या आसपास. म्हणजे पन्नास माणसांना अर्धा गुंठा खूप झाला. बाकी पाखरांचे, पुढच्या रविवारचे आणि शेजाऱ्यांचे.

आगटीबद्दल मात्र सावकाश वाचा. हुरड्याचे दिवस म्हणजे ऐन गाळपाचे दिवस. ऊस उभा असतो, पाचट वाळून कडकडीत असते. उसाच्या कडेला, सावली बरी म्हणून आगटी करणारे मी पाहतो. तसे करू नका. नांगरलेल्या किंवा ओल्या रानात, उसापासून निदान शंभर फूट लांब, वारा उसाकडे जाणार नाही अशा बाजूला हातभर खोल खड्डा घ्या. त्यात गोवऱ्याच जाळा, पाचट नाही. पाचटाची ठिणगी उडते, गोवरीचा निखारा बसून राहतो, आणि कणीस भाजायला तोच चांगला. बाजूला पाण्याची टाकी आणि भिजवलेली दोन पोती ठेवा. विजेच्या तारेखालची जागा टाळा. आग बहुतेक पाहुणे असताना लागत नाही, ते गेल्यावर राखेतल्या निखाऱ्यावर संध्याकाळचा वारा सुटला की लागते. म्हणून शेवटचा पाहुणा वेशीपर्यंत पोचवण्याआधी घरातल्या एकाने राखेवर चार बादल्या पाणी ओतावे आणि हात लावून पाहावे. जळालेला ऊस एक-दोन दिवसांत गाळला गेला नाही तर वजन घटते, साखर उतरते, कपात होते ती निराळी. शेजाऱ्याचा ऊस गेला तर काय होते ते मी लिहायला नको.

कणसे निखाऱ्यात फिरवत भाजायची, गरम असतानाच पोत्यावर चोळायची, सुपाने फोल उडवायचे. हे काम पुरुषांनी करावे आणि घरातल्या बायकांना पाहुण्यांबरोबर पोत्यावर बसू द्यावे. हुरडा पुरुष खातात आणि चुलीपाशी पन्नास माणसांच्या भाकरी बायका थापतात, हे मला पटत नाही. शेंगदाण्याची, जवसाची, लसणाची चटणी आदल्या दिवशी होते. दही, गूळ, बोरे, पेरू, गाजर आणि घरचा ऊस मांडला की दुपार जाते. जेवण करायचेच तर पिठले, भरीत, ठेचा आणि ज्वारीची भाकरी बस्स, चार भाज्या नकोत. हुरड्यावर लगेच गार पाणी न पिता ताक प्यावे असे जुने लोक सांगतात, ताक ठेवायला हरकत नाही.

आणि एक. तुमच्या किंवा शेजारच्या फडात तोडणीची टोळी असेल तर त्यांनाही हाक मारा. ही माणसे बहुतेक बीडकडची, दिवाळीनंतर घर सोडून येतात. त्यांच्या गावचा हुरडा ते इकडे कोपीत असताना होऊन जातो. पाहुण्यांच्या उरल्यासुरल्यावर नको, कणसे पहिल्यांदा निघतील तेव्हाच बोलवा. त्यांच्यातली एखादी म्हातारी आगटी कशी लावायची ते आपल्याला शिकवील.

हुरडा काढलेली ताटे हिरवीच कापून जनावरांना घाला, चांगली वैरण आहे. पण बुडख्यांना फुटलेले कोवळे फुटवे जनावरांना चरू देऊ नका, त्यांनी विषबाधा होते. रान लगेच नांगरले की ती भीती राहत नाही. बियाण्याची पिशवी पाच गुंठ्यांपेक्षा मोठी मिळते, तेव्हा दोघा-तिघांनी मिळून घ्या. कोणत्या गटात कोण पेरणार आहे ते आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाला या पंधरवड्यात कळवा, म्हणजे राखणीसाठी शेजार जुळवता येईल.