घाटात दम तोडणारी पद्मिनी

प्रश्न : माझी जुनी प्रीमियर पद्मिनी सपाटीवर ठीक चालते, मांजरसुंब्याच्या घाटात बंद पडते. कार्बोरेटर दोनदा साफ केला. पंप बदलू का?
– एक वाचक, लिंबागणेश

उत्तर : इतक्यात नको. पुढच्या वेळी बंद पडली की टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा 'फुस्स' आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. आपल्याकडे धुळीला काय तोटा! नाहीतर पंपानंतर गेज लावा. अशा यांत्रिक पंपाचा दाब साधारण ३ ते ५ पीएसआय असतो. कमी भरला तर टाकीकडची रबरी नळी तपासा. तिथल्या बारीक चिरेतून पेट्रोल गळेलच असं नाही, हवा मात्र शिरते. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, पंपातल्या पडद्यालाही. शेवटी डिपस्टिक हुंगा. पेट्रोलचा वास आला तर पडदा फाटल्याचा दाट संशय. मग पंप दुरुस्त करून ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.