आधी सकाळ बसवा

जूनचा दुसरा आठवडा आला की दवाखान्यातल्या तक्रारी बदलतात. ऊन लागणं, घामोळं, लग्नातलं जेवण बाधणं मागे पडतं आणि "पोट दुखतंय म्हणतो", "सकाळी काही खातच नाही", "रात्री बारा वाजले तरी टक्क जागी असते" सुरू होतं. तपासून पाहावं तर ताप नाही, पोट मऊ, वजन उलट आंब्याच्या कृपेने वाढलेलं. मग मी विचारते, सुट्टीत किती वाजता उठत होतास? आई काही बोलायच्या आत मूलच हसत सांगतं, "दहाला!"

सुट्टीत आजोळी जाऊन गच्चीवर अंथरुणं टाकणं, मध्यरात्रीपर्यंत पत्ते कुटणं, सकाळी ऊन अंगावर आलं की मगच उठणं, यात मला काही गैर वाटत नाही. मुलांना ते मिळायलाच हवं. अडचण परतीची असते. बहुतेक घरांत परतीचा मुहूर्त शाळेच्या आदल्या रात्रीचा असतो. साडेनऊला दिवे बंद, "झोप आता मुकाट्याने" असा दम, आणि अंधारात कूस बदलत पडलेलं मूल. त्या मुलाचा यात काहीच दोष नाही.

आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. झोप, भूक, शरीराचं तापमान यांच्या वेळा तो ठरवतो. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं हे उलगडल्याबद्दल 2017 साली तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. बहुतेक माणसांचं हे घड्याळ 24 तासांपेक्षा किंचित लांब असतं. त्यामुळे रोज थोडं उशिरा झोपणं शरीराला सहज जमतं, लवकर झोपणं मात्र जिवावर येतं. दहाला उठण्याची सवय चार दिवसांत लागते आणि सुटायला पंधरवडा घेते, ती त्यामुळेच.

झोप हुकमाने येत नाही. उठवणं मात्र आपल्या हातात असतं. म्हणून घराची घडी बसवायची तर रात्रीच्या मागे न लागता सकाळ धरा. शाळेला अवकाश असेल तर उठण्याची वेळ रोज पंधरा-वीस मिनिटांनी अलीकडे आणा. दहावरून सहावर यायला या हिशेबाने बारा ते सोळा दिवस लागतात. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात, तिथल्या पालकांना तेवढी सवड जास्त. शाळा सुरू झालीच असेल, तर आजपासूनच ठरल्या वेळी उठवा. दोन-तीन दिवस मूल पेंगेल, कुरकुरेल, चिडेल. ते सोसा. दुपारी फार झोप आली तर अर्ध्या तासावर झोपू देऊ नका आणि संध्याकाळी पाचला तर मुळीच नको. रविवारी सवलत तासाभराची. रविवारी दहापर्यंत लोळू दिलं, की सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं उजेडात न्या. गॅलरीत, अंगणात, दुधाची पिशवी आणायला, कुठेही. जूनमध्ये आभाळ भरलेलं असतं म्हणून हे टाळू नका. ढगाळ सकाळीही बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो आणि मेंदूतलं घड्याळ त्या उजेडानेच लावलं जातं. रात्री याच्या उलट. झोपण्याच्या तासभर आधी मोबाइल आणि टीव्ही बंद. सगळ्यांचे. बाबा पलंगावर वेब मालिका पाहत पडलेले असताना त्याच खोलीत मुलाने झोपावं, ही अपेक्षा मला समजत नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते, त्यापुढच्या वयाला 8 ते 10. सहाला उठायचं तर झोपायचं कधी, हा हिशेब घरात एकदा मांडाच.

आणखी एक. मूल झोपावं म्हणून सर्दीचं किंवा खोकल्याचं औषध पाजणारी घरं मला माहीत आहेत. हे कृपया करू नका. आणि कुणी सुचवल्या म्हणून मेलाटोनिनच्या गोड गोळ्याही आपल्या मनाने आणू नका.

आठवी-नववीतल्या मुलांवर आळशीपणाचा शिक्का सर्रास मारला जातो. वयात येताना झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा पाझरू लागतं, त्यामुळे त्यांना दहाला झोप येतच नाही. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय काढला. चांगलाच निर्णय, पण माझ्या मते त्याची खरी गरज मोठ्या मुलांना होती. सकाळी सातला भरणाऱ्या वर्गात जांभया देणारी मुलं कुठल्याही शिक्षकाला विचारा. तुमचं मूल या वयाचं असेल तर निदान त्याची क्लासची रात्रीची तुकडी बदलता येते का ते बघा.

आता त्या पोटदुखीकडे. आपल्याकडे फार कमी बोललं जाणारं एक कारण म्हणजे शी. काही खाल्लं-प्यायलं की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, आणि सकाळी ती सर्वांत जोरात असते. सुट्टीत मुलं निवांत नाश्ता करतात, मग जातात. शाळा सुरू झाली की साडेसहाला उठून पावणेसातची व्हॅन गाठायची. घोटभर दूध उभ्या उभ्या, वेणी घालून घेताना पोळीचा घास, आणि पोटात कळ येते ती व्हॅनमध्ये. शाळेतलं स्वच्छतागृह नकोसं असतं, म्हणून मूल कळ दाबतं. दोन आठवडे असं दाबलं की शी कडक होते, जाताना दुखतं, दुखतं म्हणून मूल आणखी दाबतं, आणि बेंबीभोवती दुखणारं पोट घेऊन माझ्यासमोर येतं. मुली तर स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, ताप. भरलेली बाटली तशीच परत येत असेल, तर तिच्यावर चिडण्याआधी शाळेत जाऊन स्वच्छतागृह बघून या आणि पालक सभेत बोला.

उपाय साधा आहे. वीस-पंचवीस मिनिटं आधी उठवा. आधी कोमट पाणी, मग काहीतरी खाणं, आणि मग घाई न करता बसू द्या. पाश्चात्त्य पद्धतीचं भांडं असेल तर लहान मुलाच्या पायांखाली पाट ठेवा. लोंबकळत्या पायांनी जोर लागत नाही. जेवणात पालेभाजी, काकडी, पेरू, पेर. बिस्किटांचा पुडा डब्यातून हद्दपार करा.

मात्र प्रत्येक पोटदुखीला शाळेचा कंटाळा समजू नका. दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठत असेल, पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला दुखत असेल, सोबत ताप, हिरवट उलटी, शीतून रक्त किंवा वजनात घट असेल, तर लगेच दाखवा. शाळेच्या दिवशी दुखतं आणि रविवारी नाही, असं असेल तर वर्गात कुणी त्रास देतंय का, हे शांतपणे विचारा. उत्तर पहिल्या दिवशी येईलच असं नाही.

मोठ्यांचंही बघा. गावी गेलेल्या आजी-आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या असतात आणि "बरं वाटतंय" म्हणून पुन्हा आणलेल्या नसतात. मधुमेह असलेल्यांनी जूनअखेर तीन महिन्यांची सरासरी साखर तपासावी. एप्रिल-मेचा आमरस त्यात दिसतो. मुलाला पाचवं वर्ष पूर्ण झालं असेल तर डीपीटीचा दुसरा बूस्टर, दहावं आणि सोळावं असेल तर टीडीची लस झाली का, ते कार्डावर बघा. आजोळहून आल्यावर डोक्यात उवाही बघाच. शाळा सुरू व्हायच्या आधी.

आणि हे सगळं एकट्या आईवर टाकू नका. सर्वांत आधी उठणारी आणि सर्वांत शेवटी झोपणारी तीच असेल, तर मुलांची घडी बसेपर्यंत तिची विस्कटेल. सकाळचा डबा किंवा मुलांची आंघोळ, यातलं एक काम घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाने कायमचं घ्यावं.

तीन आठवडे सकाळ नीट सांभाळूनही मूल दिवसा पेंगत असेल, रात्री तोंड उघडं ठेवून घोरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. घोरणाऱ्या मुलाला गाढ झोप लागली आहे असं समजू नका. बऱ्याचदा नाकामागच्या वाढलेल्या ग्रंथींमुळे त्याचा श्वास अडत असतो, आणि त्यावर उपचार आहेत.