खाऱ्या वाऱ्यातला चिनी गुलाब आणि टेकडीवरची मर्यादवेल



डिझेल, परवाने, बंदीचा काळ यांवर आम्ही इथे नेहमी लिहितो. आजचा विषय घरासमोरच्या अंगणाचा आहे. सोसायटीच्या ऑफिसात येणाऱ्या आमच्या भगिनी बरेचदा विचारतात, "दर्याच्या कुशीत घर, अंगण म्हणजे नुसती वाळू. गुलाब लावला की चार महिन्यांत वाळतो. मग लावायचं तरी काय?" प्रश्न साधा वाटला तरी त्याचा संबंध आपल्या विहिरीच्या पाण्याशी आहे, आणि पुढे गेलं तर घराखालच्या वाळूशीही आहे. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

गुलाब का टिकत नाही?

गुलाबाला मीठ सोसत नाही. दर्यावरून येणाऱ्या वाऱ्यात खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार असतात. ते पानांवर बसतात, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. मग पानांच्या कडा करपतात. त्यात एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यावरच्या बऱ्याच विहिरी मचूळ होतात. तेच पाणी रोज घातलं की मुळाशीही मीठ साठतं. पावसाळ्यात उलटा त्रास. दमट हवेने पानांवर काळे ठिपके पडून पानं गळतात. शिवाय काटे! ज्या अंगणात जाळी पसरून सांधायची, तिथे काटेरी झाड म्हणजे रोजची कटकट.

दर्याकाठी वाळूत वाढणारा गुलाब जगात नाही असं नाही. जपान, कोरिया आणि रशियाच्या पूर्व किनाऱ्यावर एक रानगुलाब वाळूच्या टेकड्यांवर वाढतो. रोझा रुगोझा हे त्याचं शास्त्रीय नाव. पण तो थंड मुलखाचा, आपल्या उकाड्यात त्याचा उपयोग नाही. त्याची आठवण पुढे पुन्हा काढणार आहोत, कारण त्याच्यापासून शिकण्यासारखी एक गोष्ट आहे.

मग काय लावायचं? चिनी गुलाब

नाव चिनी गुलाब, पण हे झाड चीनचंही नाही आणि गुलाबाच्या जातीचंही नाही. मूळ दक्षिण अमेरिकेतलं, ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना या भागांतलं. आपण जी घोळीची भाजी खातो, तिचं हे जवळचं नातलग. सकाळी ऊन वर आलं की फुलं उघडतात आणि दुपार कलली की मिटतात, म्हणून काही जण याला 'ऑफिस टाइम' म्हणतात. ढगाळ दिवशी फुलं नीट उघडत नाहीत, तेव्हा झाड बिघडलं असं समजू नका.

आपल्या अंगणाला हे का जमतं ते बघा. पानं बारीक आणि रसाळ, त्यांत पाणी साठवलेलं असतं, म्हणून पाणी कमी लागतं. वाळूची जमीन मानवते. थोडा खारा वारा सोसतं. उंची वीतभरच, म्हणजे सुकत घातलेल्या मासळीचं ऊन-वारं अडत नाही. काटे नाहीत, जाळी अडकत नाही. जमिनीवर पसरून वाळू झाकतं, त्यामुळे वाऱ्याने उडणारी वाळू घरात आणि खाऱ्या मासळीवर कमी येते. आणि पैसे लागत नाहीत, शेजारणीकडून चार फांद्या मागून आणल्या की झालं.

लावण्याची रीत

१. वेळ : पाऊस पूर्ण गेल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पावसाने वरच्या वाळूतलं मीठ धुऊन गेलेलं असतं, हा मोठा फायदा.

२. जागा : निदान सहा तास ऊन हवं. माडाच्या दाट सावलीत झाड जगेल, पण फुलणार नाही. अंगणाची कड, तुळशीभोवतीची जागा, पायरीची बाजू चांगली. मासळी धुतलेलं किंवा बर्फाचं पाणी जिथून वाहतं, तिथे मात्र लावू नका.

३. माती : अंगणातलीच वाळू तीन भाग आणि जुनं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत एक भाग. किनाऱ्यावरची वाळू उचलून आणू नका. ती खारट असते आणि ती उचलायला कायद्यानेही मनाई आहे.

४. फांदी : चार बोटं लांबीची, शेंड्याकडची घ्या. खालची पानं काढा. कापलेला भाग सुकायला अर्धा दिवस सावलीत ठेवा, मग दोन बोटं खोल खोचा. दोन फांद्यांत वीतभर अंतर ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात.

५. पाणी : मुळं धरेपर्यंत एक दिवसाआड थोडं थोडं. नंतर बोट खुपसून बघायचं. बोटभर खोल वाळू कोरडी लागली तरच पाणी. थंडीत आठवड्यातून एकदा पुरतं, मे महिन्यात दोन-तीनदा. पाणी सकाळी आणि मुळाशी घाला. संध्याकाळी वरून शिंपडलं तर खोड कुजतं.

६. छाटणी : झाड लांबट आणि विरळ झालं की शेंडे खुडा. खुडलेले शेंडे तिथेच मोकळ्या जागेत खोचा. अशाने एका हंगामात चार फांद्यांची चटई होते.

जमिनीत जागा नसेल तर मासळीचा फुटका प्लास्टिक क्रेट घ्या. तो गोड्या पाण्याने तीनदा धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा, आत जुनं गोणपाट घाला आणि मग माती भरा. थर्माकोलचे खोके वापरू नका. उन्हाने त्यांचा भुगा होतो आणि तो शेवटी दर्यातच जातो, आपल्याच जाळ्यात येतो.

मिठाची काळजी

विहिरीचं पाणी जिभेवर खारट लागलं तर ते झाडाला रोज घालू नका. तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी चालतं, मात्र त्यात मीठ किंवा साबण नको. वाळूवर पांढरट थर दिसला तर एकदा भरपूर गोडं पाणी सोडा, मीठ खाली उतरतं. जोराचा वारा होऊन गेल्यावर सकाळी पानांवरून हलकं पाणी सोडलं तरी पुरे.

पावसात गोगलगायी येतात. घरात मीठ असतंच, म्हणून ते टाकायची सवय अनेकांना आहे. गोगलगाय मरते, पण वाफाही खराब होतो. रात्री बॅटरी घेऊन हाताने वेचा. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर ती फांदी तोडून जाळा. मासळी सुकते त्या जागेजवळ विषारी फवारणी कधीच करायची नाही.

पावसाळा हाच या झाडाचा खरा शत्रू. १ जून ते ३१ जुलै आपल्या यांत्रिक होड्या बंद असतात, तेव्हा यालाही विश्रांती द्या. मे अखेरीस दहा-बारा फांद्या कुंडीत लावून पागोळ्या लागणार नाहीत अशा उजेडाच्या जागी ठेवा. बाहेरचं कुजलं तरी बी-बियाणं घरात राहतं.

आता मुख्य गोष्ट : मर्यादवेल

अंगण संपतं आणि वाळूची टेकडी सुरू होते, तिथे आपली लागवड थांबली पाहिजे. तिथे मर्यादवेल आहे. बकरीच्या खुरासारखं दुभंगलेलं पान, जांभळट फूल, वाळूवर लांबच लांब धावणारा वेल. प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि ती वाळू धरून ठेवतात. उडत आलेली वाळू वेलात अडकते, वेल तिच्यावर पुन्हा चढतो, आणि अशी टेकडी उंच होत जाते. पाणी, खत, राखण काही नको. नावातच मर्यादा आहे, आणि दर्याची हद्द हा वेलच राखतो.

पावसाळ्यात दर्या किनाऱ्याची वाळू ओढून नेतो. त्या वेळी मागे राखीव वाळू असते ती या टेकडीत. वेल उपटला की वारा टेकडी पोखरतो, आणि मोठ्या लाटेला थेट आपल्या घराची, मांगराची, ओढून ठेवलेल्या होडीची वाट मिळते. मोरजी, आश्वे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालायला येतात तीही याच वाळूत. सीआरझेडच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी वाळूच्या टेकड्या सगळ्यात नाजूक भागात धरल्या आहेत. पण कायदा बाजूला ठेवला तरी नुकसान पहिलं आपलंच.

"जागा साफ केली" म्हणून वेल काढणारे आपल्यातही आहेत, म्हणून हे लिहावं लागतं. तो कचरा नव्हे. त्याच्या जागी फुलझाडंही लावायची नाहीत. वर सांगितलेला तो जपानकडचा रानगुलाब युरोपात शोभेसाठी आणि वाळू धरण्यासाठी नेला. डेन्मार्क, जर्मनीच्या किनाऱ्यांवर तो इतका माजला की टेकड्यांवरची मूळची झाडं त्याने दाबून टाकली. आता तो उपटायला तिथे खर्च करावा लागतो. आपल्याकडे टेकडीवर लावायला वेगळं काही आणायची गरजच नाही.

सभासदांना तीन विनंत्या. होड्या ओढायला वाड्यावर एकच वाट ठरवा, प्रत्येकाने वेगळी पाडू नका. फाटकी जाळी वेलावर टाकू नका. आणि कुठे टेकडी उघडी पडली असेल तर पावसाच्या सुरुवातीला मर्यादवेलीचे हातभर तुकडे, दोन-तीन पेरं वाळूत जातील असे, पुरा. ते दाट वेलातून थोडे थोडे घ्या, एकाच जागी ओरबाडू नका.

अंगणात चिनी गुलाब, टेकडीवर मर्यादवेल. दोघांनाही आपल्या विहिरीतलं गोडं पाणी फारसं लागत नाही. ज्यांच्याकडे चिनी गुलाबाच्या जादा फांद्या असतील त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात आणून द्याव्यात, आम्ही मागेल त्या घरी पोहोचवू.

आपले,
सेक्रेटरी आणि संचालक मंडळ