ताट बदलले की गोळीही बदलते

टाईप २ मधुमेहात रुग्ण काय खातो आणि कोणती गोळी घेतो, या दोन्हींची मात्रा एकत्रच ठरवावी लागते. रक्तातली साखर या दोन्हींच्या बेरीज-वजाबाकीतून ठरते. महाराष्ट्रात आहारावर घरोघरी वाद झडतो, गोळीबद्दल मात्र कोणी बोलत नाही. पुष्कळांना प्रत्यक्ष इजा होते ती ताट बदलून गोळी तशीच चालू ठेवल्यामुळे, किंवा गोळी बंद करून ताट तसेच ठेवल्यामुळे.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर पेशींत पोहोचवण्याचे काम इन्सुलिन करते. ते स्वादुपिंडातील बीटा पेशींत तयार होते. टाईप १ मधुमेहात शरीराचीच प्रतिकारशक्ती या पेशी नष्ट करते आणि बाहेरून इन्सुलिन घेतल्याशिवाय माणूस जगू शकत नाही. टाईप २ मध्ये इन्सुलिन असते, पण यकृत आणि स्नायू त्याला नीट दाद देत नाहीत, आणि वर्षे जातात तसे बीटा पेशींचे बळही कमी होत जाते. उपाशीपोटी साखर १२६ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त असेल आणि तपासणी पुन्हा केल्यावरही तसेच आले, तर मधुमेहाचे निदान होते. उपाशीपोटी १०० ते १२५ ही त्याआधीची पायरी.

कारणांचा विचार निघाला की पहिले नाव साखरेचे येते. निदान झालेल्या माणसाला 'फार गोड खाल्लंस' असे सुनावले जाते आणि तो अपराधी मनाने आजार लपवू लागतो. हे अन्यायाचे आहे. जास्त गोड खाण्याने वजन वाढते, पोटाचा घेर वाढतो आणि त्या वाटेने धोका वाढतो, हे खरे. पण तेवढेच खाणाऱ्या दोन भावांपैकी एकालाच मधुमेह होतो, याचे उत्तर साखरेच्या डब्यात सापडत नाही. आनुवंशिकता, बैठे काम, अपुरी झोप, वय, स्टिरॉइडसारखी काही औषधे, गरोदरपणात वाढलेली साखर अशी अनेक कारणे एकत्र येतात.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक कारण आहे आणि त्याचा शोध पुण्यात लागला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. पुण्याची बाळे लहान, त्यांचे स्नायू कमी. पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाहेरून किडकिडीत आणि आतून चरबीयुक्त अशी ही ठेवण जन्मापासूनच असते, असे या अभ्यासातून पुढे आले. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखे दिसणारे दोन देह आतून इतके वेगळे असू शकतात. त्यामुळे 'मी तर बारीक आहे, मला कुठली शुगर' हा दिलासा भारतीय माणसाला घेता येत नाही. भारतीयांसाठी कंबरेच्या घेराची मर्यादाही कमी धरतात: पुरुषांना ९० सेंटिमीटर, स्त्रियांना ८०.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटींना त्याआधीची अवस्था असल्याचा अंदाज आला. राज्यांत सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. चार प्रौढांमागे एक, असा हा हिशेब होतो.

आहाराचा वाद महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास शिगेला पोहोचला. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची मांडणी होती. ती डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर आधारलेली होती. कडकडून भूक लागेल अशा दोनच वेळा ओळखाव्या, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे, मधल्या वेळेत तोंडात काही टाकू नये आणि रोज चालावे. प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी कराव्या, हा त्यामागचा तर्क. दुसऱ्या बाजूला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा सल्ला होता: थोड्या थोड्या वेळाने थोडे थोडे खावे, भात आणि तूप यांना घाबरू नये, आपल्या मातीतले आणि ऋतूतले अन्न सोडू नये. घरात सासू एका पंथाची आणि सून दुसऱ्याची, असेही झाले.

या दोन पद्धतींत दिसते तेवढे अंतर नाही. मधल्या वेळेत पाकिटातले पदार्थ, थंड पेये आणि साखर घातलेला चहा पुन्हा पुन्हा घेणे दोन्हीकडे वर्ज्य आहे. ज्याचे एकूण खाणे घटते आणि पोटाची चरबी उतरते, त्याची साखर कोणत्याही पद्धतीने सुधारते. त्यामुळे 'किती वेळा' या प्रश्नाला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे त्याचे महत्त्व नाही. जी पद्धत माणसाला वर्षानुवर्षे पाळता येईल, ती त्याची. सकाळी सातला शेतावर जाणारा आणि रात्रपाळीची नोकरी करणारा यांना एकच वेळापत्रक लावणे व्यर्थ आहे.

वजन उतरवण्याचा परिणाम किती होतो, हे ब्रिटनमधील 'डायरेक्ट' या चाचणीने दाखवले. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. निदान होऊन सहा वर्षांपेक्षा कमी काळ झालेल्या, वजन जास्त असलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८२५ ते ८५३ कॅलरींचा आहार दिला गेला. वर्षाअखेर त्यांपैकी ४६ टक्क्यांची साखर औषधाविना मधुमेहाच्या पातळीखाली आली. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्के होते. मधुमेह 'उलटवण्याच्या' जाहिराती करणारे हे आकडे सांगतात, पण त्याच चाचणीतला एक तपशील गाळतात. आहार सुरू झाला त्याच दिवशी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या थांबवल्या गेल्या होत्या. त्या पुन्हा कधी द्यायच्या, याचे नियमही आधीच ठरलेले होते.

औषध आणि ताट एकाच वेळी बदलण्याची ही शिस्त घरच्या प्रयोगात बहुधा नसते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, माणूस जेवला असो वा नसो. भारतात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत मिळते. रुग्णाला वाटते, आपण 'साधी एकच गोळी' घेतो. प्रस्तुत लेखकाने दोन वेळच्या जेवणाचा नियम धरला तेव्हा सकाळची ही जोडगोळी तशीच चालू राहिली होती. न्याहारी गेली, गोळी राहिली. दुपारच्या आत हातांना थरथर सुटली, अंगाला गार घाम आला, समोरचा काय विचारतो ते कळेना. घरच्यांना आधी ते ॲसिडिटीचे वाटले. बोट टोचून पाहिले तर आकडा पन्नासच्या खाली होता. आहारात काही वावगे नव्हते. गोळी जुन्या ताटासाठी लिहिलेली होती.

म्हणून खाण्याच्या वेळा कमी करण्याआधी, चतुर्मास किंवा रोजे पाळण्याआधी, पोळी-भात निम्म्यावर आणण्याआधी हातातल्या पाकिटावरची औषधांची नावे वाचून डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा: यातले कोणते औषध उपाशी असताना साखर खाली आणते? वरच्या गोळ्यांचा आणि इन्सुलिनचा डोस आधी कमी करावा लागतो. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोक्याच्या खाली जात नाही. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांचा धोका निराळा आहे. कडक उपवासात किंवा पिष्टमय पदार्थ अगदीच सोडल्यास रक्तात किटोन आम्ले साचू शकतात आणि त्या वेळी साखरेचा आकडा फार वाढलेला नसल्याने रोग ओळखायला उशीर होतो. मळमळ, पोटदुखी, धाप ही त्याची लक्षणे. टाईप १ च्या रुग्णाने तर कोणत्याही आहारपद्धतीच्या नावाने इन्सुलिन बंद करता कामा नये. काही दिवसांत जीव जाऊ शकतो.

साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. पेढा किंवा चॉकलेट नको, कारण त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज चालू असेल, तर घरातली साखरही लवकर उपयोगी पडत नाही, कारण तिचे पचनच ही औषधे अडवतात. अशा घरात ग्लुकोज पावडर ठेवलीच पाहिजे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने उतरलेली साखर एकदा वर आली तरी काही तासांनी पुन्हा उतरू शकते, विशेषतः वृद्धांत आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत. 'आता बरं वाटतंय' म्हणून लगेच झोपी जाणे धोक्याचे.

ताटातल्या काही समजुतीही तपासायला हव्यात. गूळ, काकवी आणि मध यांनी साखर वाढते. साखरेऐवजी गूळ घातल्याने मधुमेह्याचा चहा निर्धोक होत नाही. ज्वारी, बाजरी आणि गहू यांच्या पिठात वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश भाग कर्बोदकांचाच असतो. भाकरीत चोथा असतो म्हणून ती सरस मानतात, पण 'भाकरी कितीही चालते' हे खरे नव्हे. हातावर थापलेली मोठी भाकरी दोन फुलक्यांना सहज मागे टाकते. आधी कोशिंबीर, मग उसळ किंवा अंडे-मासे आणि शेवटी भात-पोळी, असा क्रम ठेवल्यास जेवणानंतरची उसळी कमी होते. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण मधुमेह्याच्या घरी अक्षरशः खरी ठरते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे फुकट आहे आणि त्याचा परिणाम ग्लुकोमीटरवर त्याच दिवशी दिसतो.

मेथी, कारले, जांभळाच्या बिया यांनी साखर थोडीफार उतरू शकते, औषधाची जागा त्या घेऊ शकत नाहीत. 'पूर्ण गावठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत आधुनिक गोळ्यांची भेसळ आढळलेली आहे. पुडीने चमत्कारासारखा गुण येतो तेव्हा हाच संशय आधी घ्यावा.

इन्सुलिनबद्दलची भीती बहुतेक घरांत एकाच वाक्यात सांगतात: एकदा सुरू झाले की सुटत नाही. टाईप २ मध्ये जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण यांत ते काही काळ देऊन थांबवताही येते. जिथे कायमचे लागते तिथे ते लागते कारण बीटा पेशी थकलेल्या असतात. सुईने त्या थकत नाहीत. खरी काळजी सिरिंजची घ्यावी. भारतात बहुतेक बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या कार्ट्रिजमध्ये १०० युनिट, आणि १०० युनिटवाली सिरिंज केशरी टोपणाची. जोडी चुकली की डोस अडीच पट होतो किंवा निम्म्याहूनही खाली येतो. रोज एकाच जागी टोचल्यास तिथे गाठ येते आणि इन्सुलिन नीट शोषले जात नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात फ्रीज नसेल, तर ओलसर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात बाटली ठेवावी. बर्फाला चिकटवून मात्र नको, गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

तपासण्यांचे आकडेही कधी फसवतात. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते. सिकलसेल या रक्ताच्या आजारात ती बहुधा कमी दिसते, आणि विदर्भ-नंदुरबारच्या आदिवासी भागात हे लक्षात ठेवावेच लागते. आंबा चिरलेल्या हाताने बोट टोचले तर ग्लुकोमीटर आंब्याची साखर मोजतो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व घटू शकते. शाकाहारी माणसात ते बऱ्याचदा आधीच कमी असते आणि मग पायांच्या मुंग्या मधुमेहाच्या खात्यावर जमा होतात. बी-१२ ची तपासणी मागून घ्यावी.

डोळ्यांचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन आणि पायांची संवेदना यांची तपासणी वर्षातून एकदा, साखर उत्तम असली तरी, करायची असते. या तिन्ही ठिकाणी बिघाड दुखल्याशिवाय सुरू होतो. बधिर झालेल्या तळव्याला खडा, काटा किंवा तापलेली फरशी कळत नाही. देवळात किंवा वारीत अनवाणी चालणाऱ्याने त्याच रात्री आरशात तळवे पाहावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, आणि दोन दिवसांत न भरणारी जखम घरी हळद लावून न झाकता डॉक्टरांना दाखवावी.