टाकीचं हँडल ओढण्याआधी

सोन्या, चाकांवरचं घर, म्हणजे आर.व्ही., भाड्याने घेऊन पोरांसकट योसेमिटीला निघालायस, छान केलंस. गाडी ताब्यात देणारा माणूस सगळं भराभर दाखवेल, तू मान डोलावशील, आणि मागच्या दोन हँडलांपाशी येईपर्यंत तुझं लक्ष पोरांच्या मारामारीकडे गेलेलं असेल. म्हणून हे आधीच सांगून ठेवते. घरचा मैला कुठे जातो ते कुणी विचारत नाही. इथे तो तुझ्याबरोबरच फिरायला येतो.

१. काळी टाकी संडासाची, करडी सिंक आणि शॉवरची. कुठलं हँडल कुणाचं, याचा फोटो गाडी घेतानाच काढ — अंधारात दोन्ही सारखीच दिसतात.

२. आधी हातमोजे, एकदा वापरून फेकायचे. ते हातात असेपर्यंत फोन वाजला तर वाजू दे, अगदी आईचा असला तरी.

३. टाक्यांच्या तोंडाचं बाहेरचं झाकण काढण्याआधी दोन्ही हँडलं, म्हणजे व्हॉल्व्ह, पूर्ण आत आहेत ना, हाताने दाबून बघ, आणि उभा राहा बाजूला — आधीच्या भाडेकरूने काय ठेवलंय ते झाकण निघाल्यावरच कळतं. व्हॉल्व्ह न पाहता झाकण काढी, त्याची चप्पल नवी खरेदी!

४. पाइप गाडीला खटका बसेपर्यंत फिरवून अडकव आणि ओढून बघ. जमिनीतल्या गटाराच्या तोंडाला आटे असतील तर तिथेही घट्ट पिळ, नसतील तर वर जड दगड ठेव — लोंढा एकदम आला की मोकळं टोक उसळतं. २००६ च्या ‘आर.व्ही.’ सिनेमात रॉबिन विल्यम्सची टाकी रिकामी करताना जी दैना होते, ती पडद्यावर बघायला बरी.

५. आधी काळी, मग करडी — मागून येणारं साबणाचं पाणी पाइप आतून धुऊन काढतं. पाइपाला पारदर्शक एल्बो लावलास तर पाणी निवळलेलं डोळ्यांनी दिसतं. ते दिसेपर्यंत व्हॉल्व्ह लावू नकोस.

६. आता सगळ्यात महत्त्वाचं. गटाराची जोडणी असलेल्या जागेवर पाइप कायमचा जोडून ठेवलास तरी काळीचा व्हॉल्व्ह बंदच हवा. लोकांना वाटतं, उघडा ठेवला की कटकट मिटली. मिटत नाही — पाणी वाहून जातं, घट्ट माल मागे राहतो आणि संडासाच्या थेट खाली त्याचा सुळका वाळत बसतो. टाकी निदान दोन-तृतीयांश भरू दे, म्हणजे पाण्याच्या रेट्याने सगळं निघतं. आणि फ्लश करताना पाण्याची काटकसर करू नकोस. आपली मगाने धुवायची सवय अमेरिकेत लपवावी लागते, या टाकीला मात्र ती मानवते. टाकी लवकर भरते, इतकंच. पाण्याला कद्रू, तो टाकीपुढे रडू.

७. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडांत हुकअप, म्हणजे जागेवरच्या अशा जोडण्या, नाहीत. व्हॅलीत अपर पाइन्सपाशी टाक्या रिकाम्या करायचं डंप स्टेशन आहे, पण तिकडे निघताना टाक्या रिकाम्या असू देत — भांडी-अंघोळीने करडी आधी भरते, आणि शॉवरमध्ये खालून पाणी वर आलं की सगळे तुझ्याकडे बघतात.

८. फोडणीचं तेल, चहाचा चोथा, डाळीचा गाळ सिंकमध्ये नाही. कढई कागदाने पुसून मग धू — करडी कुजली की काळीहून जास्त घाण मारते.

९. वेट वाइप्स बंद, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. कागदाची परीक्षा सोपी: बरणीत पाणी घालून हलव, चुरा झाला तर चालेल.

१०. टाकी भरल्याचे दिवे खोटं बोलतात — आत सेन्सरला कागद चिकटतो. पॅनेलपेक्षा संडासात टॉर्च मारून बघावं. नाक मुरडू नकोस.

११. प्यायच्या पाण्याचा पाइप डंप स्टेशनच्या नळाला कधीही लावायचा नाही — त्या नळाला लोक मैल्याचे पाइप धुताना टेकवतात.

१२. रस्त्याकडेला, झाडीत, ‘थोडंसंच तर आहे’ म्हणत काही सोडायचं नाही. नॅशनल पार्कात करडं पाणीही जमिनीवर चालत नाही. ८ ऑगस्ट २००४ ला शिकागोत डेव्ह मॅथ्यूज बँडच्या बसच्या ड्रायव्हरने किंझी स्ट्रीटच्या जाळीच्या पुलावर टाकी उघडली. खालून पर्यटकांची उघडी बोट चालली होती. सुमारे ३६० किलो मैला त्यांच्या डोक्यावर! ड्रायव्हरने गुन्हा कबूल केला आणि बँडला तडजोडीत दोन लाख डॉलर मोजावे लागले.

१३. रिकामी झाल्यावर काळीत थोडं पाणी आणि टाकीचं औषध घाल — कोरड्या तळाला पहिलाच माल चिकटतो.

१४. गाडी परत देताना दोन्ही टाक्या रिकाम्या लागतात का, ते करारात आजच वाच. लागत असतील तर शेवटच्या दिवशी वाटेतलं डंप स्टेशन शोधून ठेव, आणि तिथे रांग असली तर मागच्याच्या हॉर्नकडे लक्ष देऊ नकोस.