चढणीचे मासे : नदीच्या पेरणीचा हंगाम

महाराष्ट्रातील बहुतेक नद्या पावसावर जगतात. धरणाचे पाणी ज्या पट्ट्यात सोडले जात नाही, तेथे चैत्र-वैशाखात प्रवाह क्षीण होत जातो आणि अखेरीस नदी म्हणजे काही डोहांची तुटक मालिका एवढेच तिचे रूप उरते. पुढे मृगाचा पाऊस पडतो, ओढ्यानाल्यांचे गढूळ पाणी नदीस मिळते आणि दोन-चार दिवसांतच मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पऱ्ह्यात आणि तेथून भातखाचरापर्यंत त्यांची ही धाव चालते. कोकणात या घटनेस ‘वलगण’ म्हणतात, आणि या माशांना वलगणीचे किंवा चढणीचे मासे.

याच दिवसांत गावोगावी जाळी, गळ, बांबूच्या कामट्यांचे सापळे आणि प्रसंगी कोयतेही घेऊन माणसे पाण्यात उतरतात. वर्षभर दुर्मीळ असलेले ताजे अन्न अनायासे हाती येते. हा आनंदाचा प्रसंग आहे, यात शंका नाही. परंतु मासे नेमके याच वेळी का चढतात, हे समजून घेतले म्हणजे या आनंदाची किंमत काय, याचाही विचार करणे भाग पडते.

उन्हाळ्यातील डोह

उन्हाळ्यात वाचलेला प्रत्येक डोह हा पुढील वर्षाच्या माशांचा बीजसाठा असतो. पाणी जितके तापते तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. उथळ जागा आटल्यामुळे मोठ्या लांबीच्या नदीतील मासळी थोड्या खोल पाण्यात एकवटते. अशा वेळी मासे पकडणे फार सोपे जाते, आणि म्हणूनच सर्वाधिक हानीही याच वेळी होते. सुरुंगाचा एक स्फोट, विषारी औषध किंवा पाण्यात सोडलेला विजेचा प्रवाह लहानमोठा असा भेद करीत नाही. शेतकरी कितीही अडचणीत असला तरी पेरणीचे बियाणे दळून खात नाही. डोह रिकामा करणे हे मात्र बियाणे खाण्यासारखेच आहे.

पावसाचा संदेश

पहिल्या पावसाने पाण्याचे तापमान उतरते, पाणी गढूळ होते, प्रवाहास वेग येतो आणि काठची सपाट जमीन पाण्याखाली जाते. अंडी परिपक्व झालेल्या माशांना या बदलांतून प्रजननाची चालना मिळते. काठच्या उथळ, नव्याने भिजलेल्या जमिनीत सूक्ष्म जीवांची वाढ झपाट्याने होते व पिलांना विपुल खाद्य मिळते. म्हणून मादी तेथवर चढून जाते.

हा संदेश किती आवश्यक असतो, याचा प्रत्यय मत्स्यशास्त्रासही आला. कटला, रोहू व मृगळ हे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात वाढतात, पण सामान्यतः तेथे अंडी घालीत नाहीत. त्यामुळे मत्स्यबीजासाठी पूर आलेल्या नद्यांवरच अवलंबून राहावे लागे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात माशाच्या मस्तकातील पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचे प्रजनन घडवून आणले. पावसाने जो संदेश द्यावयाचा तो सुईने दिला, असे या प्रयोगाचे वर्णन करता येईल. १० जुलै हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

तळ्यांत सोडावयाचे बीज त्यामुळे केंद्रांत तयार होऊ लागले. परंतु ओढ्यानाल्यांतील बहुसंख्य स्थानिक जातींसाठी असे केंद्र नाही. त्यांची पैदास आजही चढणीच्या त्या थोड्या दिवसांवरच अवलंबून आहे. पोटात अंडी असलेली एक मादी पकडली म्हणजे एकच मासा कमी झाला, असा हिशेब येथे लागू पडत नाही. तिच्याबरोबर हजारो, मोठ्या जातींत तर लाखो, अंडी नष्ट होतात.

राखण करणारे मासे

काही जातींत अंडी घातल्यानंतरही पालकांचे काम संपत नाही. मरळ हा मासा पिलांच्या थव्याची राखण करतो. तांबूस पिलांचा पुंजका पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत असतो आणि त्याखाली पालक मासा फिरत असतो. अनुभवी माणूस हा पुंजका पाहूनच मरळीचा माग काढतो. पालक मारला गेला की पिले अन्य माशांच्या भक्ष्यस्थानी पडतात.

याच स्वभावाचा एक मासा उत्तर अमेरिकेच्या नद्यांत आहे. स्मॉलमाउथ बास हे त्याचे नाव. तेथे वसंत ऋतू सरून उन्हाळा लागण्याच्या सुमारास पाणी १५ अंश सेल्सियसच्या आसपास उबदार झाले की नर शेपटीने गोट्यांच्या तळात खळगा करतो. मादी त्यात अंडी घालून निघून जाते आणि नर राखण करतो. घरट्याजवळ येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर तो झडप घालत असल्याने गळास सहज लागतो, आणि तो दूर होताच इतर मासे अंडी फस्त करतात. या कारणाने कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात अनेक ठिकाणी बासची मासेमारी जूनच्या उत्तरार्धापर्यंत बंद ठेवतात. बासची घडण निराळी व ऋतूही निराळे. तत्त्व मात्र एकच. ज्या दिवसांत मासा सर्वांत सहज सापडतो, त्याच दिवसांत त्याला सोडून देण्याची सर्वाधिक गरज असते.

देवाचे डोह

हे तत्त्व महाराष्ट्रास अपरिचित नाही. रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील वाळण कोंड येथे काळ नदीच्या डोहात वरदायिनी देवीचे मासे म्हणून महसीर राखले जातात. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातील तिळसे येथेही वैतरणेच्या डोहातील मासे देवाचे मानून मारले जात नाहीत. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतून ज्या महसीराचे शास्त्रीय वर्णन केले, तो पुढे अनेक नद्यांतून दिसेनासा झाला. लोणावळ्याजवळील वळवण येथील केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याचे बीज तयार करण्यात येऊ लागले. लोकश्रद्धा आणि शास्त्र या दोन्ही मार्गांनी हा मासा टिकला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

ग्रामपंचायतीचे कार्य

सुरुंग व विष यांनी मासे मारण्यास १८९७च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच बंदी घातली होती. पुढे महाराष्ट्राने १९६०चा स्वतंत्र अधिनियम केला. ७३व्या घटनादुरुस्तीने (१९९२) जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत ‘मत्स्यव्यवसाय’ हा विषय पाचव्या क्रमांकावर आहे. यास्तव हा प्रश्न केवळ मत्स्यव्यवसाय खात्याचा नसून पंचायतीचाही आहे.

तथापि चढणीच्या माशांवर सरसकट बंदी हा व्यवहार्य उपाय नव्हे. भोई, कातकरी आणि इतर गरीब कुटुंबांच्या जेवणात या माशांना मोठे स्थान आहे. त्यांना वगळून केलेला ठराव कागदावरच राहील. त्यांच्यासह ग्रामसभेत बसून पुढील गोष्टी ठरविता येतील :

१. ओढ्याची पूर्ण रुंदी जाळ्याने अथवा सापळ्याने अडवू नये. निम्मे पात्र मोकळे ठेवावे.

२. पहिल्या पुराचे काही दिवस मासे वर जाऊ द्यावेत. अंड्यांनी भरलेली मादी सापडल्यास पाण्यात सोडावी.

३. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसापूर्वी वेळेवर काढावेत. बरगे राहिले तर पाण्याबरोबर माशांची वाटही अडते.

४. गावातील एक खोल डोह उन्हाळाभर राखीव ठेवावा व तेथून वाळू-गोटे उपसू देऊ नयेत.

५. डोह व ओढ्यांची आणि तेथील माशांच्या स्थानिक नावांची नोंद गावाच्या जैवविविधता नोंदवहीत करावी. शाळेतील विद्यार्थी आणि जुने जाणते मच्छीमार मिळून हे काम उत्तम करू शकतील.

पावसाळा सरत आला, खाचरांतील पाणी उतरू लागले, की मासे परतीच्या वाटेने नदीकडे निघतात. त्यांच्याबरोबर त्या वर्षीची पिलेही असतात. मासेमारीस योग्य काळ तो आहे. तेव्हाही बारीक पिले निसटतील एवढे जाळ्याचे डोळे मोठे असावेत. चढणीस वाट द्यावी आणि उतरणीस आपला वाटा घ्यावा, एवढा संयम गावाने पाळला तर पुढील मृगातही ओढ्यास मासे चढतील.